मोठ्या गाडीची कुळकथा

कुटुंबाचा आकार आणि कुटुंबाच्या वाहनाचा आकार यांचा काही मेळ असावा, अशी कोणाचीही सहज अपेक्षा असते. घरात माणसे अधिक असली तर गाडी मोठी, माणसे थोडी असली तर गाडी लहान, हा हिशेब इतका सरळ आहे की त्याविषयी सहसा कोणी विचारही करीत नाही. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत भारतात जे घडले ते या हिशेबाच्या नेमके उलट आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या देशातील एका स्त्रीला सरासरीने सुमारे ६ मुले होत असत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २ वर आलेला आढळला. आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारींपैकी जवळजवळ ६५ टक्के गाड्या उंच, भारदस्त अशा ‘युटिलिटी’ वर्गातील होत्या. घरे भरलेली होती तेव्हा माणसे दाटीवाटीने बसली. घरे विरळ होऊ लागली तेव्हा गाड्या मोठ्या झाल्या.

हा विपरीत प्रकार कसा घडला, याचे एक उत्तर तत्काळ दिले जाते. लोकांच्या हाती पैसा आला, आणि पैशाबरोबर दिखाऊपणा आला, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ते अपुरे आहे. पैसा लोकांच्या हाती अनेक देशांत आला. प्रत्येक ठिकाणी त्याने गाडीला एकच आकार दिला नाही. कुटुंबाची गाडी कोणत्या आकाराची असावी हे कुटुंबाची आवड, रस्त्याची अवस्था, सरकारचा कर आणि मनातील भीती या चौघांनी मिळून ठरविलेले असते. मोठ्या गाडीची कुळकथा सांगावयाची तर या चौघांचीही हकीकत सांगावी लागते.

या कुळकथेचा आरंभ मोटारीच्या आधीच होतो. गावाकडच्या शेतकऱ्याच्या दारात जी बैलगाडी उभी असे ती मुळात कामाची गाडी. शेणखत, कडबा, धान्याची पोती वाहणे हे तिचे नित्याचे काम. एखाद्या सधन घरी माणसांच्या प्रवासासाठी वेगळी हलकी दमणी किंवा छकडा असे. पण बहुसंख्य घरांना तेवढी ऐपत नव्हती. जत्रेचा दिवस आला, माहेरवाशिणीला आणावयाचे झाले किंवा लग्नाचे वऱ्हाड निघाले की त्याच कामाच्या गाडीत कडब्याची गादी होई, तिच्यावर गोधड्या पडत, वरून तट्ट्याची सावली होई आणि घरातील आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारा गोतावळा तीत बसे. वर्षाचे बहुतेक दिवस जी गाडी माल वाही, तीच चार दिवस माणसे वाही. मोठ्या कौटुंबिक गाडीचा स्वभाव येथेच ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही. ती कामकरी वाहनाच्या पोटी जन्मली, आणि तिची खरी परीक्षा रोजच्या दिवशी न होता वर्षातील मोजक्या दिवशी होत असे.

स्वातंत्र्याच्या सुमारास कुटुंबाच्या लांबच्या प्रवासाचे ओझे सार्वजनिक वाहनांनी उचलले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या दोन गावांमध्ये एस.टी.ची पहिली गाडी धावली. इतर राज्यांतही अशाच सरकारी बससेवा उभ्या राहिल्या. रेल्वेचे जाळे तर आधीपासूनच होते. त्यामुळे सामान्य घराला स्वतःची मोटार असावी, ही कल्पनाच त्या काळी दूरची होती. ज्यांना ती परवडत होती त्यांनाही निवड अशी नव्हतीच. परदेशी तयार मोटारींच्या आयातीवर बंदी होती, आणि देशातील उत्पादन परवान्यांच्या चौकटीत बांधलेले होते. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना १९५८ पासून अँबॅसडर काढीत होता. मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीत फियाट तयार होत होती. हीच पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी ओळखली गेली. गाडीसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी तेव्हाची रीत होती. मिळेल ती गाडी आपली, हेच निवडीचे सूत्र होते.

तथापि या टंचाईच्या काळातील अँबॅसडर आजच्या दृष्टीनेही लहान नव्हती. तिची लांबी सुमारे ४.३ मीटर होती. आज रस्त्यावर भारदस्त दिसणाऱ्या कित्येक उंच गाड्या लांबीने ४ मीटरच्या आत असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेतील गंमत ध्यानी येते. अँबॅसडरचे पुढचे आसन एका सलग बाकासारखे होते. त्यावर चालकासह तिघे, मागे चौघे आणि मांडीवर मुले, अशी सात-आठ माणसे सहज बसत. लग्नाच्या वऱ्हाडात तर ही संख्या कोठे थांबेल याला नियम नव्हता. त्या गाडीचा मोठेपणा सामावून घेण्याचा मोठेपणा होता. बाहेरून ती कोणाला धाक घालीत नव्हती. आत मात्र ती ‘अजून एक जण येऊ द्या’ या भारतीय शिष्टाचाराला जागा ठेवीत होती.

याच काळात तिच्याहून दणकट अशी दुसरी एक गाडी देशात रुजत होती. १९४७ पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीने अमेरिकन विलिस जीपचे सुटे भाग जोडून जीप तयार करण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धासाठी जन्मलेली ही गाडी स्वतंत्र भारतात लष्कर, पोलीस, जंगलखाते, पाटबंधारे आणि विकास गटाचे अधिकारी यांच्या सेवेस लागली. रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणारी गाडी म्हणून तिची ख्याती झाली. परंतु कुटुंबाची गाडी म्हणून तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. जीप म्हणजे साहेबाचा दौरा, निवडणुकीचा प्रचार किंवा बागायतदाराचा मळा. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीत तयार होणाऱ्या गाड्यांचीही तीच कथा. त्यांतल्या तीनचाकीने ‘टेम्पो’ हा शब्द मराठीला कायमचा दिला, आणि ‘मॅटाडोर’ या गाडीचे नाव तर पुढे तशा आकाराच्या कोणत्याही गाडीला लागले. या गाड्या माल वाहात, शाळेची मुले वाहात, वऱ्हाडे वाहात. परंतु त्या भाड्याच्या गाड्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘वडाप’ म्हणतात आणि मराठवाड्यात, विदर्भात ज्याला ‘काळी-पिवळी’ म्हणतात, तो जीपमधून माणसे भरभरून नेण्याचा व्यवसाय याच वाहनांवर उभा राहिला. एस.टी. जेथे पोचत नव्हती किंवा वेळेवर येत नव्हती, तेथे या गाड्यांनी खेड्यापाड्यांतील माणसाची अडचण भागविली. थोडक्यात, मोठी गाडी ही या देशात आधी सरकारची झाली, मग भाडेकरूंची झाली. घराच्या दारात ती सर्वांत शेवटी आली.

१९८३ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. लांबीने साडेतीन मीटरहूनही कमी आणि ७९६ घन सेंटिमीटरचे यंत्र असलेली ही चिमुकली गाडी मध्यमवर्गीय घराने आपली मानली. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून चालू होता, आणि लाल त्रिकोणाशेजारी आईवडील व दोन मुले असे छोटे सुखी कुटुंब भिंतीभिंतींवर रंगविलेले होते. भिंतीवरचे ते चित्र आणि मारुतीची चार आसने यांचे माप जणू एकच होते. शहरातील नोकरदार दांपत्य आपल्या दोन मुलांसह प्रथमच स्वतःच्या गाडीने गावी जाऊ लागले. पुढील तीन दशकांत या गाडीच्या २५ लाखांहून अधिक प्रती रस्त्यावर आल्या.

असे असूनही मारुती कंपनीने दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, त्याच छोट्या यंत्रावर चालणारी एक व्हॅन बाजारात आणली. हीच पुढे ‘ऑम्नी’ झाली. बाजूला सरकणारे दार, आत समोरासमोर आसने, आणि भाव मात्र आवाक्यातला. सकाळी दुकानाचा माल, दुपारी शाळेची मुले आणि रविवारी घरची मंडळी असे तिचे दिवस जात. बैलगाडीचा जुना धर्मच तिने पुढे चालविला. छोट्या कुटुंबासाठी छोटी गाडी हे समीकरण कागदावर बिनचूक होते. परंतु भारतीय कुटुंब कागदावर जेवढे दिसते तेवढेच कधी नसते, ही गोष्ट व्हॅनच्या यशाने दाखवून दिली.

या शेवटच्या विधानाचा थोडा विस्तार केला पाहिजे. जनगणनेतील कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. पण प्रवासाला निघणारे कुटुंब याहून वेगळे असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे स्थायिक झालेले एखादे मराठी घर जेव्हा जेजुरीला, तुळजापूरला किंवा कोल्हापूरला कुलदैवताच्या दर्शनासाठी निघते, तेव्हा त्यात आईवडील आणि मुले एवढेच नसतात. आजी असते, आत्या असते, नुकतेच लग्न झालेले जोडपे असते, आणि पूजेच्या साहित्याच्या पिशव्या असतात. उत्तरेकडे वैष्णोदेवीला वा चारधामला, दक्षिणेकडे तिरुपतीला निघालेल्या घरांची कथाही निराळी नाही. एका छोट्या गाडीत ही मंडळी मावत नाहीत. दोन छोट्या गाड्या घेतल्या तर खर्च दुप्पट होतो, आणि मंडळी दोन ठिकाणी विभागली जातात. सर्वांनी एकत्र, एका छताखाली प्रवास करावा, यातच यात्रेचा अर्धा आनंद असतो. म्हणून गाडी निवडताना अनेक घरे रोजच्या प्रवासाचे माप न घेता वर्षातील या चार-सहा दिवसांचे माप घेतात. अर्थशास्त्र्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. कारण रिकामी आसने वर्षभर वाहून नेण्याचे इंधन फुकट जाते. परंतु पाहुण्यांसाठी घरात जास्तीची अंथरुणे ठेवणाऱ्या समाजाला जास्तीची आसने अनाठायी वाटत नाहीत.

१९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले, आणि लगेच पुढच्या वर्षी टाटांची ‘सुमो’ बाजारात आली. या नावामागे जपानी मल्ल नसून एक मराठी नाव आहे. टेल्को कंपनीचे शिल्पकार आणि तिचा पुण्याचा कारखाना घडविणारे सुमंत मूळगावकर १९८९ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावातील ‘सु’ आणि आडनावातील ‘मू’चे इंग्रजी अक्षरांप्रमाणे होणारे ‘मो’ जोडून हे नाव तयार झाले. सुमोचा सांगाडा कंपनीच्या मालवाहू पिकअप गाडीवरूनच घेतलेला होता. तीत दहा माणसांची सोय होती. ती डोंगराळ ईशान्य भारतात प्रवासी गाडी झाली, शहरांत कार्यालयांची गाडी झाली, आणि एकत्र कुटुंबाच्या दारातही उभी राहिली. २००० साली महिंद्रांची ‘बोलेरो’ आणि टोयोटाची ‘क्वालिस’, २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून निघालेली ‘स्कॉर्पिओ’ आणि २००५ साली क्वालिसची जागा घेणारी ‘इनोव्हा’ अशा गाड्या एकामागून एक आल्या. कामकरी वाहनाला गादीची आसने आणि थंड हवा मिळाली. त्याची प्रतिष्ठा वाढली. आदल्या पिढीला जी जीप भाड्याची वाटे, तिच्याच कुळातील गाडी पुढच्या पिढीला भूषणाची वाटू लागली.

या पसंतीत इंधनाच्या दराचाही मोठा वाटा होता. शेतकरी आणि मालवाहतूक यांच्या हितासाठी सरकार डिझेलचा दर दीर्घकाळ खाली ठेवीत आले होते. जून २०१० मध्ये पेट्रोलवरील दरनियंत्रण उठले. डिझेलवरील नियंत्रण मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. मधल्या काळात दोहोंच्या दरातील अंतर रुंदावले. २०१२ साली दिल्लीत ते काही काळ लिटरमागे ३० रुपयांच्या घरात गेले होते. मोठ्या गाड्या बहुधा डिझेलवर चालत. शेतकऱ्याच्या पंपासाठी दिलेली सवलत अशा रीतीने शहरातील मोठ्या मोटारीच्या टाकीत जाऊन पडू लागली.

सरकारी नियम एक हेतू धरून केला जावा आणि गाडीच्या आकाराला त्याने भलतेच वळण द्यावे, हे केवळ भारतातच घडले असे नाही. अमेरिकेतील उदाहरण याहून ठळक आहे. तेथे रेल्वे स्थानकावरून माणसे आणि सामान नेणाऱ्या लाकडी पेटीच्या गाड्यांपासून ‘स्टेशन वॅगन’ जन्मली, आणि महायुद्धानंतर उपनगरांत राहावयास गेलेल्या कुटुंबांची ती आवडती गाडी झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये अमेरिकन संसदेने इंधनाच्या काटकसरीचा कायदा केला. त्यानुसार साध्या मोटारींना कडक माप लावण्यात आले. हलक्या मालवाहू गाड्यांना मात्र, त्या शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या गाड्या म्हणून, सौम्य माप मिळाले. स्टेशन वॅगन मोटारींच्या वर्गात मोडत होती. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लर कंपनीने जी मिनीव्हॅन आणली ती नियमांच्या दृष्टीने हलकी मालवाहू गाडी होती. १९८४ ची जीप चेरोकी आणि १९९० ची फोर्ड एक्सप्लोरर याही त्याच वर्गात बसल्या. परिणामी काटकसरीच्या कायद्याच्या छायेतच मोठी गाडी वाढली. कुटुंबांनी तिला पसंत केले हे खरे. परंतु पसंत करण्यासाठी जे पुढे मांडले गेले ते बऱ्याच अंशी कायद्याने ठरविलेले होते.

भारतात असेच वळण २००६ च्या अर्थसंकल्पाने दिले. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोलचे यंत्र १२०० घन सेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेलचे १५०० पर्यंत, अशा गाडीला ‘छोटी मोटार’ ठरवून तिच्यावरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. छोट्या, काटकसरी गाडीला उत्तेजन द्यावे, हा हेतू स्वच्छ होता. त्याच हेतूचा कळस म्हणजे टाटांची ‘नॅनो’. पावसात एकाच स्कूटरवर दाटीने बसलेले कुटुंब पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती जगापुढे आली. लांबी सुमारे ३.१ मीटर, आणि घोषित किंमत १ लाख रुपये. गुजरातमधील साणंद येथे वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याची योजना होती. प्रत्यक्षात २०१८ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सुमारे दहा वर्षांत मिळून तीन लाखांच्या आसपासच गाड्या निघाल्या. कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, ही कारणे होतीच. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ हे विशेषणच तिला भोवले. पहिली मोटार घेणारे कुटुंब केवळ पावसापासून निवारा घेत नसते; आपण एक पायरी वर चढलो याची ग्वाहीही ते विकत घेत असते. स्कूटरवरून उतरलेल्या कुटुंबाला गरिबाची म्हणून ओळखली जाणारी गाडी नको होती. २०१४ मध्ये मारुती ८०० आणि अँबॅसडर या दोघींचेही उत्पादन थांबले. जुन्या भारताची छोटी आणि मोठी, अशा दोन्ही गाड्या एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेल्या.

मग मोटार-उत्पादकांनी ४ मीटरची मर्यादा पाळून गाडीला वरच्या दिशेने वाढविले. कायद्याने लांबी मोजली होती, यंत्र मोजले होते. छोट्या गाडीच्या व्याख्येत उंची कोठेच नव्हती. २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ ची मारुती व्हिटारा ब्रेझा, २०१७ ची टाटा नेक्सॉन या गाड्यांची लांबी ४ मीटरच्या आत, आसने पाचच, परंतु रूप मात्र डोंगर चढणाऱ्या गाडीचे. मोठ्या गाडीच्या कुळकथेतील हे सर्वांत महत्त्वाचे वळण होय. बैलगाडीपासून सुमोपर्यंत मोठेपणाचा अर्थ होता किती माणसे बसतात. आता मोठेपणाचा अर्थ झाला किती उंचावरून बसता येते. सहा-सात जणांची मोठी गाडी इनोव्हाच्या आणि २०१२ पासूनच्या मारुती एर्टिगाच्या रूपाने टिकून राहिली. पण नव्या लाटेचे पाणी उंचीच्या दिशेने वाहिले.

उंचीच्या या ओढीला केवळ हौस म्हणून हिणवणे न्यायाचे होणार नाही. खड्डे, कोणतीही खूण नसलेले गतिरोधक आणि अर्धवट राहिलेली डांबराची कड यांतून रोज जाणाऱ्या माणसाला गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि गाड्या जागच्या जागी बुडाल्या. तेव्हापासून अनेक शहरांनी असे दिवस पाहिले आहेत. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला खाली वाकून बसण्यापेक्षा कमरेच्या उंचीच्या आसनावर सरकून बसणे सोपे जाते. उंचावर बसल्याने पुढचा रस्ता दूरवर दिसतो, आणि त्यामुळे गाडी हाताळण्याचा धीर येतो. मालमोटारी आणि बसगाड्या यांच्या गर्दीत आपले मूल मागच्या आसनावर बसलेले असताना आपल्याभोवती जाड पत्रा असावा, अशी इच्छा धरणाऱ्या आईबापांना दोष कोण देईल?

परंतु येथेच या कथेतील खरा प्रश्न उभा राहतो. दोन असमान वजनाची वाहने एकमेकांवर आदळली तर हलक्या वाहनाच्या वेगात अधिक मोठा बदल होतो, आणि त्यातील माणसांना अधिक इजा होते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. तो कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. म्हणजे जड गाडीतील सुरक्षितता काही अंशी समोरच्या हलक्या गाडीच्या सुरक्षिततेतून काढून घेतलेली असते. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत वजनापेक्षाही उंची घातक ठरते. बुटक्या गाडीचा धक्का पायांना बसतो. उंच, सपाट तोंडाच्या गाडीचा धक्का छातीला, आणि मुलांच्या बाबतीत डोक्याला बसतो. अमेरिकेतील एका महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूचा संभव बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो, असे आढळले. भारतातील उंच गाड्या सामान्यतः अमेरिकन गाड्यांएवढ्या अवाढव्य नाहीत, हे खरे. परंतु भारतातील रस्ताही अमेरिकन नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती, आणि जवळजवळ २० टक्के पायी चालत होती.

हे आकडे कोणत्या कुटुंबांचे आहेत, याचा विचार केला पाहिजे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील जवळजवळ निम्म्या घरांत दुचाकी आहे. मोटार मात्र सुमारे ८ टक्के घरांतच आहे. म्हणजे मोठी गाडी की छोटी गाडी, हा वाद १०० पैकी ८ घरांतला आहे. उरलेली ९२ घरे त्याच रस्त्यावरून दुचाकीने, सायकलने, बसने किंवा पायी जातात. रतन टाटांनी पाहिलेले स्कूटरवरील कुटुंब रस्त्यावरून नाहीसे झालेले नाही. ते आजही पावसात भिजत चालले आहे. फरक इतकाच की त्याच्या शेजारून जाणारी गाडी आता अधिक उंच झाली आहे. आणि छोट्या गाडीतील कुटुंब जेव्हा आजूबाजूच्या उंच गाड्या पाहून भयभीत होते, तेव्हा तेही पुढच्या वेळी उंच गाडीच घेते. एकाची सुरक्षितता ही दुसऱ्याची भीती होते, आणि ती भीती पुन्हा मोठ्या गाडीला गिऱ्हाईक मिळवून देते.

या चक्राला सरकारने कराचा लगाम घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा लांबी ४ मीटरहून अधिक, यंत्र १५०० घन सेंटिमीटरहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटरहून अधिक अशा गाड्यांवर निराळा अधिभार बसला; काही महिन्यांतच एकूण कर ५० टक्क्यांवर गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रचना बदलली, आणि २००६ च्याच व्याख्येतील छोट्या गाड्यांना १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के असा दर ठरला. परंतु ४ मीटरची जुनी रेषा तशीच राहिली. तिच्या आतील उंच गाडी आणि तिच्या आतील बुटकी गाडी यांना एकच माप आहे. कर लांबीवर बसतो. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मात्र गाडीची लांबी लागत नाही, तिची उंची आणि तिचे वजन लागते.

मोठी गाडी घेणारे कुटुंब उधळे असते, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. आजीला जेजुरी दाखवावी म्हणून सात आसनांची गाडी घेणारा मुलगा बैलगाडीत कडबा अंथरणाऱ्या आपल्या पणजोबांचीच रीत पाळीत असतो. खड्ड्यांना कंटाळून उंच गाडी घेणारा माणूस खड्डे न बुजविणाऱ्या नगरपालिकेचा दंड आपल्या खिशातून भरीत असतो. दोघांचीही गरज खरी आहे. पण पहिली गरज भाड्याच्या गाडीने, वेळेवर येणाऱ्या बसने आणि आरक्षण मिळणाऱ्या रेल्वेने भागू शकते. आणि दुसरी गरज रस्ता नीट केल्याने उरतच नाही. पदपथ अखंड असला, गतिरोधकावर रंग असला आणि पावसाचे पाणी गटारातून वाहून गेले, तर उंच गाडीची निकड आपोआप कमी होते. जी कामे सर्वांनी मिळून करावयाची ती न झाल्यामुळे प्रत्येक घर आपापल्या पैशाने त्यांची भरपाई करीत आहे, आणि ज्या घरापाशी तेवढा पैसा नाही ते घर रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालत आहे.

कडबा अंथरलेल्या बैलगाडीचा वेग पायी चालणाऱ्याहून फारसा अधिक नसे. वाटेत ओळखीचा म्हातारा भेटला तर गाडीवान बैल आवरी आणि त्याला मागे बसवून घेई. त्या गाडीत जागा होती ती आतल्यांसाठी होती तशीच वाटेवरच्यांसाठीही होती. आजच्या गाडीने तेवढे करावे अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. परंतु वाटेवरच्या त्या म्हाताऱ्याला निर्भयपणे रस्ता ओलांडता यावा, एवढी जागा गाडीबाहेर राहिली पाहिजे. कुटुंबाने गाडी निवडताना आत किती माणसे बसतील हे मोजावे. आणि राज्यकर्त्यांनी कर व रस्ते ठरविताना बाहेर किती माणसे चालतात हेही मोजावे. आजवर पहिली मोजणी प्रत्येक घराने केली आहे. दुसरी मोजणी अद्याप व्हावयाची आहे.